बायचं देज

बाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन साखरशेतहून होता, तिच्या थोरल्या मुलाचा, जानूचा. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मग बराच वेळ त्याच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मी नाशिकहून जव्हारची एसटी धरली, पुढे जीप, पण पोचले तोवर माती झाली होती. ऐंशीच्या पुढची बाई, अंगावर काढलेला ताप, झोपेतच आलेलं मरण... ओट्यावर बसलेले लोक म्हणाले, सुटली बिचारी. म्हातारं माणूस गेलं की हे म्हणतातच, त्यात वावगं काही नाही. पण बायच्या बाबतीत तो शब्द मला सोसला नाही. का सोसला नाही हे सांगायला तिच्या पिढीतलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा दादा, म्हणजे काशिनाथ वकील, गेला तेव्हा वर्तमानपत्रात फोटोसकट दोन रकाने आले होते. संस्थानच्या शिपायाचा मुलगा, मुंबईच्या नामांकित कॉलेजात शिकला, स्वकष्टाने वकील झाला, डोंगरातल्या लोकांसाठी कोर्टात उभा राहिला, असं बरंच काही. स्वकष्टाने हा शब्द वाचून मी वर्तमानपत्राची घडी घातली. दादाने कष्ट केले नाहीत असं मी कधी म्हणणार नाही, मरेस्तोवर केले. पण त्या दोन रकान्यांत बायचं नाव कुठेच नव्हतं. बाय म्हणजे आमची सोनी, दादाच्या पाठची आणि माझ्या आधीची बहीण. तिला सोनी कोणी म्हणत नसे. ती रांगत होती तेव्हापासून घरात सगळ्यांवर तिचा हुकूम चाले, म्हणून ती बाय.

आमचं घर खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर. थोडं भात, थोडी नागली, आणि बाबांची नोकरी. बाबा जव्हारच्या दरबार कचेरीत पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहायचं, हाक आली की आत जायचं, एवढंच काम, पण त्या दारातून त्यांनी पुष्कळ जग बघितलं. त्यांनी बघितलेली एक गोष्ट आमच्या घराच्या मुळावर आली. संस्थानच्या न्यायकचेरीत एकदा मुंबईचा वकील आला, तेव्हा साहेबांनी त्याला खुर्ची द्यायला लावली होती. ती खुर्ची बाबांनी स्वतः उचलून आणली होती. पुढे नाशिकचा एक वकील आला, तो मात्र शेवटपर्यंत उभा राहिला. त्याची कंबर दुखत असल्यामुळे बसायचं नसेल, किंवा त्याचं काम दोन मिनिटांचं असेल, कोण जाणे. बाबांनी मात्र त्यातून कायमचा निष्कर्ष काढला, आणि पट्टेवाल्याने एकदा निष्कर्ष काढला की तो राजालाही बदलता येत नाही.

मग संस्थान विलीन झालं. बाबांच्या छातीवरचा जुना बिल्ला गेला, नवा आला, आणि त्यांची बदली मोखाड्याच्या कचेरीत झाली. लोकांना वाटलं होतं तसं आभाळही कोसळलं नाही आणि सोन्याचा पाऊसही पडला नाही. पण कायदा बदलला. राबासाठी झाडाच्या फांद्या तोडणं, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळायला पालापाचोळा आणणं, आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं होतं. माझे चुलते त्यावरून खटल्यात सापडले. त्यांना काय विचारतात ते कळेना, आणि ते काय सांगतात ते समोरच्याला कळेना. प्रत्येक प्रश्नाला ते हात जोडून "होय सायेब" म्हणत राहिले आणि न केलेल्या गोष्टीही कबूल करून बसले. शिक्षा भोगून ते परत आले ते बोलेनासेच झाले. त्यांना आणायला बाबा गेले होते. परत आल्यावर बाबा आईला म्हणाले, "घरात एक वकील पायजे." त्या दिवसापासून दादाचं पुढचं आयुष्य ठरलं, आणि बायचंही, फक्त तिचं ठरलंय हे कोणाला माहीत नव्हतं.

दादा जव्हारच्या हायस्कुलात शिकत होता. सुटीत घरी आला की बाय त्याची टर उडवी. "वकीलसायेब, आधी गोठा झाडा, मंग मुकदमा चालवा," असं म्हणून त्याच्या हातात झाडू देई. तिची स्वतःची शाळा चौथीनंतर सुटली होती, पण दादा मोठ्याने पाठ करी ते ती चुलीपाशी बसून ऐके, आणि तो अडला की पुढची ओळ तीच सांगे. इंग्रजी कवितासुद्धा. अर्थ दोघांनाही धड कळत नसे. ती हसायला लागली की थांबत नसे, ओढ्यावरून येताना तिचं हसणं घरात ऐकू येई आणि आई म्हणे, आली भवानी. ते हसणं मी शेवटचं कधी ऐकलं हे मला सांगता येतं, आणि ते सांगताना आजही बरं वाटत नाही.

दादा मॅट्रिक झाला. वकिलीच्या आधी बी.ए. व्हावं लागे, त्यासाठी कॉलेज निवडायचं होतं. एक नाशिकचं. तिथे आमचा मामा लाकडाच्या वखारीत राखणदार होता, वखारीच्या मागच्या खोलीत दादाची पथारी पडली असती, मामीने दोन भाकऱ्या जास्त थापल्या असत्या. दुसरं मुंबईचं, दगडी इमारतीचं, मनोऱ्याचं, ज्याचं नाव सांगितलं की मोखाड्याच्या कचेरीतले कारकूनसुद्धा मान वर करत. तिथे वसतिगृह, खानावळ, फी, पुस्तकं, बूट, कोट... सगळंच विकत. दादाच्या हेडमास्तरांनी बाबांना बोलावून समजावलं, की बी.ए. इथून काय नि तिथून काय, पुढे वकिलीची परीक्षा सगळ्यांना सारखीच कठीण, तेव्हा मुलाला नाशिकला घाला आणि वाचलेले पैसे वकिलीच्या वर्षांना ठेवा. पुढे आमच्या आदिवासी मुलांना सरकारी मदत सर्रास मिळू लागली, पण त्या वर्षी तसं काही सांगायला आमच्या पाड्यावर कोणी आलं नव्हतं. बाबांनी हेडमास्तरांचं सगळं मान डोलावून ऐकलं आणि घरी येऊन म्हणाले, मास्तर चांगला माणूस आहे, पण खुर्ची कोणाला देतात ते त्यानं बघितलेलं नाही.

दादाला काय हवं होतं? मला वाटतं, मुंबई. एकदा शाळेबरोबर तो मुंबईला गेला होता आणि त्या कॉलेजच्या भिंतीला हात लावून आला होता, हे त्यानेच आम्हा दोघी बहिणींना सांगितलं होतं. पण बाबांनी विचारलं तेव्हा तो काही बोलला नाही. मोठ्यांसमोर गप्प बसणं म्हणजे होकार, आणि तो गप्प बसला. मी त्याला दोष देत नाही, अठरा वर्षांच्या पोराला पुढचं काय दिसणार. पैसा कुठून येणार हा प्रश्न होताच. नेमकं त्याच वैशाखात साखरशेतच्या रावजीकडून बायला मागणं आलं. रावजी बायच्या दुप्पट वयाचा, पहिली बायको वारलेली, पण घर भरलेलं, बैल, म्हशी, भाताची खाचरं. आमच्याकडे हुंड्याची चाल नाही. उलट मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. बिजवराला कोवळी मुलगी हवी तर देज भारी द्यावं लागतं, आणि रावजी नेहमीपेक्षा कितीतरी भारी द्यायला तयार होता.

इथे आमची रीत सांगायला हवी. देज आलं तरी बाप ते लगेच खर्चत नाही. मुलीला पहिलं मूल होईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. कारण मुलगी नांदली नाही, नवऱ्याने छळली, तर तिला परत यायची मुभा असते. बापाने देज परत करायचं, पंचांनी गवताची काडी मोडायची, झाला काडीमोड, मुलगी मोकळी. शहरातल्या बायांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जे मिळत नाही ते आमच्याकडे एका काडीत मिळतं, असं पुढे मी शिकवत होते त्या शाळेतल्या बाईंना मी अभिमानाने सांगत असे. फक्त देज शाबूत पाहिजे. आईने बाबांना हेच सांगितलं. आई कधी बाबांसमोर चढ्या आवाजात बोलत नसे, त्या दिवशीही बोलली नाही. चुलीकडे बघत म्हणाली, "देज म्हंजे पोरीची माघारी यायची वाट. ती मोडू नका."

बाबा म्हणाले, "संस्थान गेलं, दरबार गेला. आता ह्या रीती कोन इचारतो?"

बाबांचं इथेच चुकलं. राज्य बुडालं म्हणून पंच बुडत नाहीत, हे दरबाराच्या दारात आयुष्य काढलेल्या माणसाला कळलं नाही.

बायला कोणी विचारलं नाही, तरी ती बोललीच. दादा ओट्यावर तोंड पाडून बसला होता, त्याच्या पुढ्यात जाऊन ती म्हणाली, की एवढं तोंड कशाला पाडतोस, लग्न मला करायचंय, तुला नाही; मुंबईहून येताना मला काचेच्या बांगड्या आण. आणि हसली. ते मी ऐकलेलं तिचं शेवटचं खरं हसणं. लग्न झालं, ती साखरशेतला गेली. देजात आलेली म्हैस मोखाड्याच्या बाजारात विकली गेली आणि तिच्या पैशातून दादाचे बूट, कोट आणि पेटी झाली. भात विकलं त्यातून वसतिगृह. रोख रकमेतून फी. जून उजाडला तेव्हा दादा मुंबईला आणि बाय रावजीच्या खाचरात, गुडघाभर चिखलात.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्याच्या आधी, एका दुपारी, बाय दारात उभी राहिली. साखरशेत ते आमचा पाडा ही दिवसाची चाल, ती कधी निघाली कुणास ठाऊक. डावा हात लुगड्याच्या पदरात बांधलेला होता. रावजीने खाटेच्या निखळलेल्या खुराने मारलं होतं, का, तर पाण्याला वेळ झाला. हाड कोणी बसवलंच नव्हतं. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही, आणि जन्मभर ती पाण्याची कळशी उजव्याच कमरेवर घेत राहिली. ती रडली नाही. आईने दिलेली पेज प्याली आणि म्हणाली, "मी नाय जायची आता." आई बाबांकडे बघत राहिली. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि बाहेर निघून गेले.

पंच बसले. रावजीकडचे चारसहा जण आले, तेही फार भांडले नाहीत. देज आणा, काडी मोडू, असं सरळ म्हणाले. त्यांची काहीच चूक काढता येईना. बाबांनी मुदत मागितली, तर पंचांचे प्रमुख, कारभारी, म्हणाले, मुदत कशाला, अजून मूल नाही, देज घरातच असणार. बाबा खाली बघत राहिले. मग सगळ्यांना कळलं. लोकांनी आमच्या बापाकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्यांनी पुढे मरेपर्यंत वागवली. निरोप धाडून दादाला मुंबईहून बोलावलं. तो आला, पायांत तेच बूट. तो पंचांपुढे तावातावाने बोलला, मारहाण करणाऱ्या माणसाला देज मागायचा हक्कच पोचत नाही, कोर्टात गेलो तर हा माणूस तुरुंगात जाईल, असं पुष्कळ. वकिलीच्या पुस्तकाचं पहिलं पान अजून त्याने उलटायचं होतं, पण बोलला मात्र वकिलासारखा. कारभाऱ्यांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "कायदा तुझ्या पुस्तकात हाय, बाला. पोरगी हितं हाय. आज रातीला तिला कोनाच्या घरात निजवू, तेवढं सांग."

दादा म्हणाला, मी कॉलेज सोडतो, मोलमजुरी करून देज फेडतो. रावजीच्या भावाने विचारलं, भरलेली फी माघारी मिळते काय? त्याने टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. दादा म्हणाला, नाही मिळत. तेव्हा बाय उठली. बायकांनी पंचांत बोलायचं नसतं, म्हणून ती फक्त दादाशी बोलली, पण ऐकलं सगळ्यांनी.

"तू माघारी आलास तं दोघं बी बुडू. एकानं तं वर निघावं."

आणि रावजीच्या माणसांच्या पुढे होऊन ती वाटेला लागली. आई मागे धावली नाही. ती आत जाऊन जात्यापाशी बसली आणि जातं न फिरवता नुसती खुंटा धरून बसून राहिली.

दादाने कॉलेज सोडलं नाही. सोडलं असतं तर बायचं सगळंच वाया गेलं असतं, असं तो म्हणायचा, आणि न सोडता शिकत राहिला त्याचंही त्याला काही गोड लागलं नाही. बी.ए. झाला, शिकवण्या करून वकील झाला, जव्हारला येऊन काम करू लागला. बाबा त्याचा पहिला खटला बघायला नवं धोतर नेसून कोर्टात गेले. संध्याकाळी आले ते गप्पच. आईने फार विचारलं तेव्हा म्हणाले, वकिलांना बसायला एकच लांब बाक आहे, सगळे त्याच्यावरच बसतात... मुंबईचा, नाशिकचा, सगळे. त्यानंतर आमच्या घरात खुर्ची हा शब्द कोणी काढला नाही.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी दादाने देजाइतके पैसे उभे केले. नवं घर नाही, नवा कोट नाही, सगळं बाजूला टाकत गेला. मी तेव्हा मास्तरकीचं शिकत होते, मला बरोबर घेऊन तो साखरशेतला गेला. रावजी म्हातारा दिसू लागला होता. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत, पंच बोलावले. पैसे पाटावर ठेवले. कारभाऱ्यांनी छपरातून गवताची काडी ओढून हातात घेतली. बाय दारात उभी होती, कडेवर धाकटी, पदराला धरून एक, आणि जानू उंबऱ्यावर. तिने विचारलं, "पोरां कोनाची?" कारभारी म्हणाले, पोरं बापाची, हे काय तुला सांगायला पाहिजे, अंगावर पिती पोर आहे ती तेवढी चालायला लागेपर्यंत तुझ्याकडे, मग तीही इकडेच. बाय पुढे आली, कारभाऱ्यांच्या हातातली काडी काढून घेतली आणि चांगल्या हाताने वर करून जिथली होती तिथे छपरात खोचून ठेवली. मग पाटावरचे पैसे दादाच्या पुढे सरकवले आणि म्हणाली, जेवून जा, नागलीची भाकर आहे आणि सुकटीचं कालवण आहे. आम्ही जेवलो. काय जेवलो ते मला आठवत नाही. परतताना घाटात दादा एकदाच बोलला. "नाशिकला गेलो असतो तर..." म्हणाला. चार गावचे लोक त्याला मोठा माणूस म्हणत आणि तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसून लहान मुलासारखा रडला.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. रावजी पुढे अंथरुणाला खिळला, बायने त्याचं सगळं केलं, तो मेला. मुलं मोठी झाली, लेकीचं लग्न झालं. दादा दर भाऊबीजेला साखरशेतला जाई, ती ओवाळी, दोघं फार बोलत नसत. मी पुष्कळदा म्हटलं, नाशिकला ये माझ्याकडे राहायला. येते म्हणायची, आली नाही. तिला राग होता का? मला कधी कळलं नाही. मी मास्तरीण, मुलांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखणारी, पण सख्ख्या बहिणीचा चेहरा मला वाचता आला नाही.

बाराव्याला मी तिच्या खोलीत गेले. आता घरावर कौलं आहेत, जानूच्या मुलाने पुढे सिमेंटची खोलीही काढली आहे, पण बाय शेवटपर्यंत जुन्या चुलीच्या खोलीतच निजायची. चुलीच्या वर, भिंतीला, धुराने काळा झालेला एक फोटो होता. काच पुसली तेव्हा दिसलं, दादा आहे. पदवीदानाच्या दिवशीचा, काळा झगा, हातात गुंडाळी, तोंडावर तेव्हाचं ते घाबरलेलं हसू. तो कधी दिला, कोणी दिला, मला माहीत नव्हतं. सून म्हणाली, मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे, पुढच्या खोलीत लावू म्हटलं तर लावू देत नसत. मी जानूला विचारलं, कोणी आलंगेलं विचारायचं नाही का, हा फोटो कोणाचा म्हणून? जानू म्हणाला, विचारायचे की.

"मग काय सांगायची?"

"सांगायची, हे माझं देज हाय."

मला राहवलं नाही, मी विचारलं, "कशी म्हणायची रे? कौतुकानं, का रागानं?"

"भाकर थापताना म्हणायची, मावशी," जानू म्हणाला. "पाठ असायची आमच्याकडं. तोंड कुठं दिसायचं?"